सात रेघांची गोळी

देवघरातल्या गोळीवर सात तिरप्या रेघा होत्या. सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकीत वर्षानुवर्षांचं कुंकू इतकं घट्ट बसलेलं, की न सांगता कुणी तिला शिशाची म्हटलं नसतं. नाक चेपलेलं, बूड मात्र शाबूत. मयुरीने ती चिमटीत धरून खिडकीकडे नेली. बाळकृष्णाच्या शेजारी उभा जन्म बसून राहिलेल्या या वस्तूला रोज फूल मिळालं होतं, दर दसऱ्याला दुधाची आंघोळ मिळाली होती, पण आजवर एकदाही तिला कुणी मोजलं नव्हतं.

"हात धुतले का वं?" मागून आबांनी विचारलं.

"धुतले आबा."

"आन् पाया पडली का?"

मयुरी गोळीच्या पाया पडली. मग पर्समधून मायक्रोमीटर काढला.

मयुरी जळगावला पाइपच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करायची. बोलायची कमी, मोजायची जास्त. त्यामुळे मुक्ताईनगरपासून थोडं आत असलेल्या या गावी ती सुट्टीला आली, की घरातलं जे जे मोजता येण्यासारखं असेल ते तिच्यापुढे यायचं. दाराची चौकट, बांगडीचं माप, कुकरची रबरी कडी. एकदा तर शेजारच्या शेवंताबाईंनी दोन सुनांच्या भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या आणि जाड कोणाची ते सांग म्हणाल्या होत्या. मयुरीने मोजलं आणि निकाल सांगितला नाही. मोजणाऱ्याने कुठे गप्प बसायचं, हे तिला चांगलं कळत होतं.

या खेपेला मात्र गप्प बसून भागणार नव्हतं.

गोष्ट अशी होती, की आबांचं, म्हणजे जीवराम पाटलांचं, सहस्रचंद्रदर्शन येत्या रविवारी होतं. गावजेवण, औक्षण, मुक्ताईच्या देवळात अभिषेक, सगळं ठरलं होतं. त्यात आबांनी स्वतःची एक भर घातली होती. औक्षण झालं की ते वडिलांच्या बंदुकीतून एक बार काढणार होते.

"हवेत गोळी झाडणं गुन्हा आहे, आबा," मयुरीची आई सविता पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"हवेत कोन झाडतंय? केळीच्या खुंटावर झाडीन. परवाना पीक संरक्षनाचा हाय. पिकाच्या रक्षनासाठी झाडली म्हनू."

"केळीचं रक्षण केळीलाच गोळी मारून?"

"तू मधी नको बोलू, सवे."

त्या बंदुकीची कथा गावात लहान पोरांनासुद्धा पाठ होती. आबांचे वडील गिरधर पाटील यांनी केळीच्या बागेत शिरलेला बिबट्या एका गोळीत लोळवला होता आणि तीच गोळी त्याच्या अंगातून काढून देवघरात ठेवली होती. मयुरी बालवाडीत होती तेव्हा तो बिबट्या होता. ती दहावीला गेली तोवर त्याचा वाघ झाला. अलीकडे आबा सांगायचे तेव्हा मादीही सोबत असायची. गोळी मात्र एकच राहिली होती, कारण देवघरात एकच होती.

बंदूक जुनी, एकनळी, मधून मोडणारी. खटका दाबला की नळी खाली झुकायची. खालची लाकडी पट्टी काढली की नळी वेगळी आणि दस्ता वेगळा. काडतुसं मिळेनाशी होऊन जमाना लोटला होता, पण आल्या-गेल्या पाहुण्यासमोर आबा ती खट्‌कन मोडायचे, खट्‌कन मिटायचे आणि "आवाज आयका!" म्हणायचे. आता धुळ्याच्या एका परवानाधारक दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, "गोळीचं नेमकं माप कळवा, काडतूस शोधून देतो." म्हणून मयुरीला बोलावणं गेलं होतं.

बुडाशी गोळी भरली अकरा पूर्णांक अडुसष्ट शतांश मिलिमीटर. मयुरीने तीनदा मोजलं. रेघा सात, म्हणजे विषम. खाचेसमोर खाच येत नाही आणि साधं माप फसवं निघतं. म्हणून तिने गोळी व्ही आकाराच्या ठोकळ्यात बसवून पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"अकरा अडुसष्ट," आबांनी मोठ्याने घोकलं. "झालं! फोन लाव."

"थांबा आबा. नळी मोजायची राहिली."

"नळी कायले? गोळी ह्याच नळीतून गेल्ती. माह्या बापानं झाडली, वाघानं खाल्ली. आजून काय पुरावा पाह्यजे?"

"माप गोळीचं नसतं आबा, नळीचं असतं. गोळीने नळीला बसायचं असतं." मयुरी एवढं सलग क्वचितच बोलायची. "आणि नावावर तर अजिबात जायचं नाही. आमच्याकडे अर्ध्या इंचाच्या लोखंडी पाइपात अर्धा इंच कुठूनही मोजा, सापडत नाही. या जुन्या बंदुकांचंही तसंच. नाव एक, माप दुसरं."

आबांनी अंगणात पेंडॉलच्या बांबूंकडे बघत बसलेल्या आपल्या मुलाला, म्हणजे मयुरीच्या वडिलांना, हाक मारली. "योगराज, तुही पोरगी काय म्हन्ते पाह्य! अर्ध्या इंचात अर्धा इंच नसतो म्हन्ते!"

"नसतो," योगराज म्हणाले आणि पुन्हा बांबूंकडे बघू लागले.

मयुरीने तापीवर मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याला लावायचं शिसं आणवलं होतं. त्यातला एक तुकडा तिने ठोकून नळीच्या तोंडापेक्षा नखभर जाड केला, त्याला तेल लावलं, नळीच्या तोंडावर ठेवला आणि पडद्याच्या लाकडी दांडीने हलक्या हाताने आत ठोकत नेला. शिसं मऊ. नळीच्या आत जे पिळाचे चर असतात त्यांत ते रुतत, स्वतःला सोलून घेत पुढे सरकलं आणि दुसऱ्या टोकाने तिच्या तळहातावर पडलं. नळीचा आतला ठसाच तो, झाडलेल्या गोळीवर उठतो तसाच. मयुरीने तो फिरवून पाहिला, मग परत फिरवून पाहिला.

रेघा पाच होत्या. आणि माप होतं अकरा पूर्णांक अठरा.

"अर्धा मिलिमीटर कमी," ती म्हणाली. "ही गोळी या नळीपेक्षा जाड आहे आबा. जवळजवळ सात केसांनी."

"सात केसांनी काय व्हतं? माह्या डोक्यावर तेवढेच उरले, तरी मी कंगवा वापरतो."

"ड्रिपच्या नळीत खडा अडकला तर नळी कुठून फुटते?"

"फिटिंगपासून."

"बंदुकीत ते फिटिंग तुमच्या गालाशी असतं."

आबांचा हात आपसूक गालाकडे गेला, आणि मयुरीला वाटलं, पटलं. पण त्यांच्या डोक्यात चाक भलत्याच दिशेने फिरत होतं. चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हंजे तुहं म्हननं काय, ही गोळी ह्या नळीतून गेलीच नाही? म्हंजे माह्या बापानं वाघ मारलाच नाही?"

"मी वाघाबद्दल काही म्हटलं नाही. रेघा पाच आणि सात आहेत, एवढंच म्हटलं."

"तुहं शिसं खोटं हाय!" आबा उठले. गोळी हिसकून देवघरात ठेवली, वर एक जास्तीचं फूल वाहिलं, आणि ओट्यावर जाऊन स्वतःच दुकानदाराला फोन लावला. "लिवून घे! अकरा अडुसष्ट! हो, अडुसष्ट! रयवारच्या आत पाह्यजे!"

त्या दुपारपासून त्यांनी भाकरी सोडली. घरातल्यांवर रागावले की ते नुसती केळी खायचे. आणि बागच स्वतःची असल्यामुळे त्यांचा राग कितीही दिवस टिकू शकत असे.

मयुरीने मात्र तो ठसा पुन्हा एकदा मोजला. नळी फाटली तर काय होतं, याची चित्रं तिने पुस्तकात पाहिली होती; केळीच्या सोललेल्या सालीसारखी चार बाजूंना वळलेली ती लोखंडाची पानं. आणि आबा म्हणजे एकदा म्हटलं की करणारच. वाघाचा प्रश्न सुटल्याशिवाय ते बंदुकीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नव्हते.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत होती.

"आई, आबांनी बंदुकीची नळी कधी बदलून घेतली होती का?"

"छे गं. त्यांनी साधा पट्टा कधी बदलला नाही." सविताने भाकरी तव्यावर टाकली. "ती बंदूक कायमची जमा करा म्हणून मी सांगून सांगून थकले. दर इलेक्शनला ठाण्यात नेऊन ठेवायची, परत आणायची. गेल्या खेपेला पायरीवर पडलेच की. आबा म्हणतात, 'आधी तुह्या बापाले सांग, त्यानं जमा केली की मी करतो.' नानांना सांगावं तर ते म्हणतात, 'आधी तुना सासरा.' माझे केस पांढरे झाले या 'आधी' पायी."

नाना म्हणजे सविताचे वडील भाईदास, धुळ्याचे. त्यांच्याकडेही एक जुनी बंदूक होती आणि त्यांच्याही वडिलांनी तिने सातपुड्यात एक अस्वल मारलं होतं. मयुरीचं बालपण या दोन घरांमध्ये गेलं होतं, इकडे वाघ आणि तिकडे अस्वल. आबा नानांच्या बंदुकीला चुलीची फुंकणी म्हणायचे आणि नाना आबांच्या बंदुकीला चिलीम. दोघे व्याही एकमेकांच्या घरी जात नव्हते. का, ते मयुरीने कधी विचारलं नव्हतं. वाघ आणि अस्वल यांचं पटत नसावं, एवढंच तिने लहानपणी धरून ठेवलं होतं.

"भांडण नेमकं कशावरून झालं?" तिने आता विचारलं.

"माझ्या लग्नात अक्षता उशिरा पडल्या, माहीत आहे ना?"

"मुहूर्त चुकला म्हणून."

"या दोघांनी चुकवला!" सविताने उलथनं हवेत धरलं. "दोघेही मिरवायला बंदुका घेऊन आलेले. समोरासमोर ठेवल्या तर काय, जुळ्या बहिणी! एकाच विलायती कंपनीच्या, एकाच बांध्याच्या. मग लागली पैज. डोळ्यांना उपरणं बांधायचं, बंदूक पूर्ण मोडायची आणि पुन्हा जोडायची. ज्याची आधी जोडून होईल तो मोठा. मी हातात हार घेऊन उभी, भटजी घड्याळ बघतायत, आणि ही दोघं आंधळ्यासारखी चाचपडतायत. शेवटी दोघेही एकदमच ओरडले, 'झाली!' कोण जिंकलं ते आजवर ठरलं नाही. तो म्हणतो मी, हा म्हणतो मी."

मयुरीच्या हातातला भाकरीचा तुकडा तोंडापाशी थांबला.

"आई, दोघं कुठे बसले होते?"

"मांडवातच. गोधडी टाकली होती."

"एक की दोन?"

"एकच गं. वऱ्हाडाची गोधडी ती, दोन कुठून—" सविताचं उलथनं खाली आलं. भाकरीने तव्यावर वास सोडला तरी दोघींपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मयुरी धुळ्याची बस धरून निघाली. पर्समध्ये मायक्रोमीटर, ठोकळा आणि हळदी-कुंकवाच्या डबीत जाळ्याचं शिसं. पडद्याची दांडी मात्र पर्समध्ये मावेना. ती हातात धरून उभ्याने पारोळ्यापर्यंत गेली आणि कंडक्टर सारखा तिच्याकडे आदराने बघत होता.

नाना धुळ्याच्या देवपुरात ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. नात दिसताच अडकित्ता टाकून उठले.

"ये बेटा, ये! हाई काठी कसाले? कोणले मारी उनी का काय?"

"नाना, तुमची अस्वलाची गोळी बघायची आहे."

नानांनी सुपारीच्या पिशवीत हात घातला. ती गोळी ते देवघरात नाही, पिशवीत ठेवायचे. कुणी भेटलं की काढून दाखवता यावी म्हणून. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी ती सुपारी समजून तोंडात टाकली होती आणि दाढ गमावली होती. दाढेची खूण गोळीवर होती. मयुरीने खूण सोडून बाकीचं पाहिलं. रेघा पाच. माप अकरा अठरा.

मग तिने टीव्हीच्या वर टांगलेली बंदूक काढायला लावली, शिसं ठोकलं, दांडीने पुढे नेलं. पलीकडून जो तुकडा पडला त्यावर सात रेघा होत्या, स्वच्छ, उजवीकडे झुकलेल्या. देवघरातल्या गोळीच्या सख्ख्या बहिणीच म्हणाव्यात.

मयुरी हसली. ती सहसा मोजताना हसत नसे, त्यामुळे नाना घाबरले.

"काय निंघनं? वाईट शे का?"

"नाना, माझ्या आईच्या लग्नातली पैज आठवते?"

"आठवस म्हणजे? मी जिंकनू! बठ्ठा गावनी दखं!" सगळ्या गावाने पाहिलं, या आवेशात नानांनी मांडीवर थाप मारली.

"ते खरं की खोटं, आता मोजून सांगता येतं. पण दोन्ही बंदुका समोर पाहिजेत."

"तुना आबाना घर? मी नई येवाव. आधी त्यानी कबूल करो का तो हारना."

"हरले असतील तर मोजल्यावर कळेलच की."

नानांनी सुपारीची पिशवी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मयुरीने मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला, अगदी सावकाश, जणू तो पुन्हा कधी बाहेर निघणार नव्हता.

"कोणता टाईमले मोजशी?" नाना म्हणाले.

शनिवारी दुपारी पेंडॉलच्या सावलीत बाज टाकली होती. बाजेच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला नाना; मध्ये दोन बंदुका आणि पितळी ताट. दोघांनीही 'रामराम' म्हटलं होतं, पण मयुरीकडे बघून. ओट्यावर दुकानदाराकडून आलेली काडतुसांची पुडी होती. आबांनी सकाळीच तिला कुंकू लावून ठेवलं होतं. मयुरीची नजर पुन्हा पुन्हा त्या पुडीकडे जात होती.

तिने ताटात चार तुकडे मांडले. देवघरातली गोळी, सुपारीच्या पिशवीतली गोळी, आणि जाळ्याच्या शिशाचे दोन ठसे.

"रेघा मोजा," ती म्हणाली आणि भिंग पुढे केलं. "आबा, तुमची गोळी?"

"सात. मले मोजायची गरज नाही. रोज फूल वाह्यतो."

"आणि तुमच्या बंदुकीतून निघालेला हा ठसा?"

"पाच," आबा नाइलाजाने म्हणाले.

"अरे वा रे वा!" नाना खूश झाले. "म्हणजे याना बापनी वाघ मारनाच नई! मी म्हणे ना, मांजर व्हई ती!"

"नाना, तुमची गोळी?"

"पाच. एक दातनी."

"दाताची सोडा. आणि तुमच्या बंदुकीतला ठसा?"

नानांनी भिंग लावलं. मोजलं. ठसा फिरवून पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून, धोतराला पुसून, परत लावला.

"सात," ते बारीक आवाजात म्हणाले.

आता आबा हसायला निघाले होते, पण अर्ध्यावर थांबले. ते ताटाकडे बघू लागले. सातशेजारी सात. पाचशेजारी पाच. कुणी शिकलेलं असो नसो, एवढं जुळवायला लागतंच काय?

"त्या दिवशी," मयुरी म्हणाली, "तुम्ही दोघांनीही बंदूक जोडली. पण नळी एकमेकांची. गोधडी एकच होती."

"म्हंजे गेली चाळीस वर्षं," आबा सावकाश म्हणाले, "माह्या बापाची नळी ह्याच्या टीव्हीवर टांगेल व्हती?"

"आणि नानांच्या वडिलांची तुमच्या कपाटात."

"म्हणजे तू मना बापनी नळीले तेल लायी ऱ्हायंता?"

"आन् तू माह्या बापाच्या नळीखाली बसून मालिका पाह्यत होता?" आबांचा आवाज चढला. "नुसत्या मालिका!"

"तू तिले फुंकणी म्हणे! सोतानाच बापनी नळीले फुंकणी!"

"तू काय म्हनत होता? चिलीम! तुह्याच बापाची व्हती ती चिलीम!"

दोघेही एकदम थांबले. हिशेब दोन्ही बाजूंनी बरोबर बसत होता आणि त्याचं काय करावं ते दोघांनाही कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या आवेशाने त्यांनी व्याह्याच्या नळीला नावं ठेवली, तितक्याच आवेशाने ते आपापल्या वडिलांना नावं ठेवत आले होते. ओट्यावरून योगराज म्हणाले, "म्हणजे वाघ मारला होता."

"मारला व्हता!" आबांनी एकदम मान वर केली. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "सात रेघांच्या नळीनं! माह्या बापाच्या! आन् ह्याच्या बापानं अस्वलबी मारलं व्हतं, ऱ्हाऊ दे." ही त्यांची व्याह्याला दिलेली पहिलीच कबुली होती. "मंग आता काय अडलं? नळ्या बदला! ती पुडी आना! उद्या बार काढतो!"

हेच येणार, हे मयुरीला ठाऊक होतं. आता जाड गोळी आणि जाडच नळी. मापात खोट काढायला जागा नव्हती, आणि खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

"जोडा," ती म्हणाली. "या खेपेला डोळे उघडे ठेवून."

दोघांनी बंदुका मोडल्या. नळ्या वेगळ्या केल्या. आबांनी वडिलांची नळी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, दस्त्यावर चढवली आणि बंदूक मिटली.

खट्ट झालं नाही. खुळ्‌ झालं.

आबांनी उघडून पुन्हा मिटली. खुळ्‌. त्यांनी बंदूक हलवली तर नळी पडायला आलेल्या दातासारखी डुलली. पलीकडे नानांच्या बंदुकीतूनही तोच आवाज येत होता.

"हाई काय व्हयनं?"

"घासलंय," मयुरी वाकून बघत म्हणाली. "चाळीस वर्षं प्रत्येक पाहुण्यासमोर उघडलीत आणि मिटलीत ना? जी नळी होती तिच्याशी दस्ता घासून घासून जुळून गेला. आता ज्याची त्याला बसत नाही."

"दुसऱ्याची कवळी वापरली की असंच होतं," सविता म्हणाली. ती केव्हा येऊन खांबाला टेकली होती, कुणाला कळलं नव्हतं.

"थोडं खुळखुळलं तर खुळखुळू दे. एका बारानं काय व्हतं?" आबा अजूनही पुडीकडे बघत होते.

मयुरीने आजूबाजूला पाहिलं. फट मोजायची पट्टी ती जळगावलाच विसरली होती, आयुष्यात पहिल्यांदा. मग तिने बाजेवरची कार्यक्रमाची पत्रिका उचलली. जाड, गुळगुळीत, वर आबांचा फेटा बांधलेला फोटो. ती तिने मिटलेल्या बंदुकीच्या फटीत धरली आणि ढकलली. पत्रिका आत गेली. फेटा गेला, कपाळ गेलं, मिशा गेल्या आणि आबा पुरते बंदुकीत उतरले.

"आबा, बार काढल्यावर पुढे गोळी जाते आणि मागून जाळ येतो. ही फट म्हणजे त्याचा दरवाजा. पत्रिका आत जाते ना, तिथूनच तो बाहेर येईल. आणि बाहेर तुमचा डोळा असेल." तिने पत्रिका तशीच फटीत राहू दिली. "इतकी वर्षं वापरलेल्या नळीत ही गोळी बसत नाही, खऱ्या नळीला दस्ता बसत नाही. ही आता कुठूनच झाडायची नाही आबा. मला उद्या तुमचं औक्षण करायचंय."

आबा फटीत अडकलेल्या पत्रिकेकडे बघत राहिले. बाहेर नुसता 'सहस्र' एवढा शब्द दिसत होता. त्यांनी हात लांब करून पुडी उचलली आणि बघता बघता ती मयुरीच्या पर्सवर ठेवून दिली. मयुरीने ती पर्समध्ये टाकून चेन ओढली.

पेंडॉलवाला वर दोर आवळत होता. नाना पिशवीतून सुपारी काढता काढता थांबले. काढलेली वस्तू सुपारीच आहे याची त्यांनी डोळ्यांपाशी नेऊन खात्री केली, मग तिचे दोन तुकडे केले आणि एक न बोलता व्याह्यापुढे धरला. आबांनी तो घेतला. तोंडात टाकला. सविताच्या लग्नानंतर या दोघांनी एका सुपारीचे दोन तुकडे खाण्याची ही पहिलीच वेळ.

सविता पुढे आली. तिने पदर खोचला आणि दरवर्षी विचारायची तोच प्रश्न तिने विचारला, उत्तराची फारशी आशा न धरता.

"मग? जमा करायच्या का दोन्ही?"

नानांनी सवयीने मान व्याह्याकडे वळवली. 'आधी' हा शब्द त्यांच्या ओठांवर तयारच असायचा. त्यांनी तोंड उघडलं, सुपारीचा तुकडा बाजूला सारला, आणि तेवढ्या उशिरात आबांनी बाजेवर तळवा आपटला.

"जमा करा! आधी माही! आन् भाईदास, आयकून ठेव, ह्या टायमाले मी जिंकलो!"